अकराशे सत्तेचाळीस नंबरचा वास

४ मार्च

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार.

अकराशे सत्तेचाळीस फुललं. काल सकाळी साडेआठला काचघरातल्या माळीणबाईंनी पाहिलं, नऊला मी पाहिलं आणि अकराला आमचे साहेब भिंग घेऊन आले. त्यांनी पानं उलटी करून पाठीवरचे खवले पाहिले, फुलाची नळी पट्टीने मोजली, माझ्या कपाटातलं वाळवलेल्या नमुन्याचं शीट मागवून शेजारी धरलं आणि म्हणाले, "तेच आहे." आमच्या साहेबांना ऑफिसात सगळे पूर्णविराम म्हणतात, कारण ते बोलले की पुढे वाक्य नसतं. तेव्हा हे पक्कं धरा.

सहा वर्षं लागली. तुम्ही तुमच्या दादांचं सामान घेऊन आलात तेव्हा कागदाच्या पुडीत ते बी होतं, आठवतं? धुळीसारखं, दोन्ही टोकांना शेपट्या. माळीणबाई म्हणाल्या होत्या, "हे बी आहे की कुणी पेन्सिल तासलीय?" त्यातून पन्नासेक रोपं उगवली, तीन जगली. त्यांतल्या एकाला आता गुच्छ आलाय. चार कळ्या बाकी, एक फूल पूर्ण उघडलेलं. पांढरं, बोटभर लांब नळी, तळाशी अगदी पुसट गुलाबी. ऱ्होडोडेंड्रॉन म्हटलं की लोकांना थंडी आणि बर्फ आठवतो. हा उष्ण जंगलातला, दुसऱ्या झाडाच्या खांद्यावर शेवाळात बसून वाढणारा. काचघराच्या उकाड्यात मजेत आहे.

साहेबांचं म्हणणं आहे की ही जात आजवर कुणी नोंदवलेली नाही. मे अखेरच्या अंकात वर्णन छापायचं आणि नाव तुमच्या दादांचं द्यायचं. हे ऐकून मी खुर्चीवर बसले ती पाच मिनिटं उठलेच नाही.

पण एक अडचण आहे. या फुलाला वास नाही. मी नऊला हुंगलं, एकला हुंगलं, पाचला काचघर बंद होताना हुंगलं. काही नाही. पाण्याचा वास येतो, बस्स. आणि तुमच्या दादांच्या चिठ्ठीवर काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, तरी उतरवून देते: "११४७. मोठ्या झाडाच्या दुबेळक्यात, शेवाळात. फूल पांढरं, नळी लांब. वास: आधी नाही. मग जायफळासारखा. शेवटी नुसता गोड."

मी इतकी वर्षं धरून चालले होते की कळीला वास नसेल, उमलल्यावर जायफळाचा येत असेल आणि फूल जुनं झालं की गोड. आता उमललेलं फूल समोर आहे आणि जायफळ कुठेच नाही. साहेब म्हणतात, चिठ्ठी एका झाडाची आणि बी दुसऱ्या झाडाचं असेल, तर नवीन जात वगैरे सगळं रद्द. तेव्हा नीट आठवून सांगा. बी त्याच झाडाचं होतं ना?

फोन केला असता, पण तुमच्याकडे लागत नाही आणि लागला तरी तुम्ही "हो, बरं, ठेवतो" यापलीकडे जात नाही. पत्रात निदान दोन पानं तरी भरता.

आई बऱ्या आहेत. डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. फूल आलं म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, "त्याच्या हातचं आहे ना? मग मला एकदा हात लावू दे."

तुमची,
वहिनी


१२ मार्च

सौ. वहिनींस,

नमस्कार. पत्र मिळालं. बातमी वाचून फार आनंद झाला. दादाचं नाव एखाद्या झाडाला लागावं यासारखी गोष्ट नाही.

बी त्याच झाडाचं आहे. गेल्या हंगामातली फळं आणि ताजं फूल एकाच फांदीवर होतं. ती फांदी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. याबद्दल साहेबांना खुशाल लिहून द्या, मी सही करतो.

वासाची ओळ मात्र चुकलेली आहे. ती खोडून टाका. दादा झाडावर बसून घाईत लिहीत होता, आदल्या दिवशीच्या नंबरचा वास त्याच्या डोक्यात राहिला असणार. त्या झाडाला वास नाही. तुम्ही तीनदा हुंगलंत, आणखी काय पुरावा हवा?

तुम्हाला पूर्वी सांगितलंच आहे. सकाळचे अकरा वाजले होते, चिठ्ठी लिहून त्याने फांदी खाली दिली आणि उतरताना पाय सुटला. एका क्षणात सगळं झालं. त्याला काही कळलंसुद्धा नाही. हे पुन्हा लिहायचं कारण एवढंच, की घाईत चूक होऊ शकते.

माझं इथे ठीक चाललंय. रोपवाटिकेत आता बाराशे कुंड्या आहेत. सगळं कामाचं सामान, शोभेचं काही ठेवत नाही. पाचला कुलूप लावतो आणि दारं-खिडक्या बंद करून घेतो. डास फार आहेत. तुम्ही मला एकलकोंडा म्हणता, पण बाराशे जणांत राहणाऱ्या माणसाला एकलकोंडा कसं म्हणायचं?

आईला काचघरात नेऊ नका. तिथला उकाडा तिला सोसणार नाही.

तुमचा,
भाऊजी


२० मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं सहीचं पत्र साहेबांना दिलं. बियांचा प्रश्न मिटला. वासाचा मिटला नाही.

तुम्ही लिहिता, आदल्या नंबरचा वास डोक्यात राहिला असेल. मी त्यांच्या अकराशे शेहेचाळीस चिठ्ठ्या शीटांवर डकवल्या आहेत. एकीतही ऐकीव नाही. जिथे वास घेता आला नाही तिथे ते सरळ लिहीत, "सर्दी झाली होती, माहीत नाही." लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, आमटी करपली का हो? तर हे पेपर बाजूला ठेवून उठले, पातेल्यात नाक घातलं आणि मग म्हणाले, "हो." आई दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, याला विचारू नकोस. याला स्वतःचं नाव विचारलंस तरी आधी हुंगून बघेल." अशा माणसाने घाईत दुसऱ्या झाडाचा वास लिहिला, हे तुम्ही मला सांगता?

आज शीट पुन्हा बाहेर काढलं. ती चिठ्ठी बाकीच्यांसारखी नाही. अक्षर त्यांचंच, पण ओळी वर चढत जातात आणि पेन्सिल मधेच उमटत नाही. सहा वर्षांपूर्वी मी हे डकवलं तेव्हा वाटलं होतं, फांदीवर बसून गुडघ्यावर लिहिलं असेल. आज मी स्वतः गुडघ्यावर कागद धरून लिहून पाहिलं. ओळी खाली उतरतात. मग बाकावर आडवी झाले आणि कागद वर धरला. तेव्हा त्या वर चढल्या आणि पेन्सिल उमटेना.

पूर्णविराम नेमके तेवढ्यात आत आले. मी आडवी, हातात पेन्सिल. "बरं वाटत नाही का?" म्हणाले. मी म्हटलं, वाटतंय. ते गेले.

उत्तर पाठवा. खोडायला मी तयार नाही.

वहिनी


२१ मार्च

भाऊजी,

कालचं पत्र टपालात पडलं आणि आज हे लिहिते आहे. दोन्ही एकदमच मिळतील, म्हणून आधी ते वाचा.

काचघराच्या छपराची एक झडप अडकली होती. लोक गेल्यावर माळीणबाई शिडीवर चढल्या आणि शिडी धरायला मला बोलावलं. दुरुस्ती चांगली लांबली. त्या वरून खिळ्यांना शिव्या घालत होत्या, मी खाली उभी होते. सहा चाळीसला सूर्य गेला. काचा आधी लाल झाल्या, मग राखाडी. आणि माझ्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

मी वळले. कुणी नव्हतं. जायफळ होतं, ताजं किसलेलं, इतकं दाट की मला खोकला आला. वरून माळीणबाईंनी विचारलं, "कोण आलं हो?"

भाऊजी, हे फूल दिवसा मुकं असतं. अंधार पडल्यावर बोलतं. माळीणबाई म्हणाल्या की पतंगांना बोलावणारी पांढरी फुलं अशी असतात, आपण पाचला कुलूप लावणारी माणसं, आपल्याला कुठून कळणार.

घरी आले तर आई अंधारातच बसल्या होत्या. त्यांना दिव्याचं काय. मी दार लावलं आणि त्या म्हणाल्या, "तुझ्याबरोबर कोण आलंय?" म्हटलं, कुणी नाही. "आहे," म्हणाल्या. माझ्या ओढणीला तो वास होता.

आता मला एवढंच सांगा. सकाळी अकराला गेलेल्या माणसाने संध्याकाळचा वास कसा लिहिला?

वहिनी


(पोस्टकार्ड)

२९ मार्च

वहिनी,
दोन्ही पत्रं मिळाली. लिहितो.


१४ एप्रिल

वहिनी,

सोळा दिवस झाले. रोज कागद घेऊन बसलो. आता एका दमात लिहितो, नाहीतर परत राहील.

अकराला दादा पडला, हे खरं. बाकीचं खरं नाही. तो गेला नाही. कमरेखाली हलता येत नव्हतं, पण बोलत होता. मी रडायला लागलो तर मला म्हणाला, "मी पडलोय आणि रडतोयस तू. जरा वाटून घेऊ या." त्याला उचलणं माझ्या एकट्याच्याने होणार नव्हतं. खालचं गाव, म्हणजे मी आता राहतो तेच, सहा तासांवर. दादाच म्हणाला, जा, माणसं घेऊन ये. मी त्याला झाडाच्या बुंध्याशी टेकवलं, पाणी ठेवलं, माझं जाकीट घातलं. त्याने ती मोडलेली फांदी मागून घेतली. "इकडे दे, कोमेजेल. आणि फुलं दाबायचा प्रेससुद्धा दे, बसल्या बसल्या काम होईल." वळणावरून मी मागे पाहिलं तर ओरडला, "मी कुठे पळून जाणार आहे? येताना बिस्किटं आण."

पाचला गावात पोचलो. वाटा दाखवणारा एक म्हातारा होता, सगळे त्याला काका म्हणत. त्याने माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, बूट चढवले, कंदील घेतला आणि म्हणाला, "चल." आणखी दोघं उठले.

मी म्हणालो, सकाळी जाऊ.

धुकं होतं, वहिनी. माझा गुडघा सुजला होता. वाट निसरडी होती. ही सगळी कारणं मी तेव्हाही सांगितली आणि ती खोटी नव्हती. पण काका तयार होता. त्याने मला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना तो माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होता. मी घाबरलो होतो. तेवढंच खरं कारण आहे.

त्यांनी मला जेवायला वाढलं. मी जेवलो. मग मला झोप लागली. लोक म्हणतात, अशा वेळी डोळ्याला डोळा लागत नाही. मला लागला. सहा तास मेल्यासारखा झोपलो. हेच मला आजवर कुणाला सांगता आलं नाही. न जाणं एक वेळ सांगता येईल, झोपणं कसं सांगायचं?

पहाटे चारला निघालो, दहाला पोचलो. दादा बुंध्याशी तसाच बसलेला. गार. प्रेस शेजारी, पट्टे आवळलेले, बकल लावलेलं. आत कागदाच्या घडीत फूल आणि त्यावर चिठ्ठी. सरकारी कागदावर वेळ मी सांगितली तीच चढली. काकाने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिला. तुम्हाला आणि आईला मी सांगितलं, की क्षणात गेला. त्यात तुम्हाला वाचवणं किती आणि स्वतःला वाचवणं किती, हे तुम्हीच ठरवा.

वर्षाने त्या तारखेला मी एकटा वर गेलो. त्याच झाडाखाली बसलो. अंधार पडला आणि वास आला. चिठ्ठीतली ओळ मला पाठ होती. तेव्हा कळलं, दादा संध्याकाळपर्यंत होता. मी धडपडत खाली आलो. त्यानंतर तिथे गेलो नाही. पण वहिनी, तो वास इथे येतो. जवळपास तसलं एकही झाड नाही, आणि वारा तिकडून वाहत नाही. पाच वाजले की मी खिडक्या लावतो. इथे डास नाहीत.

एका गोष्टीवर मी उभा आहे. पाचला निघालो असतो तरी साडेअकरा वाजले असते. दादाने संध्याकाळी वास लिहिला आणि तो त्यानंतर लगेच गेला असणार. 'शेवटी नुसता गोड' म्हणजे तोडलेलं फूल सुकायला लागलं तेव्हाचं. तेव्हा आम्ही गेलो असतो तरी उशीरच झाला असता. हे मी रोज स्वतःला सांगतो. हे एवढं माझ्याकडे राहू द्या. बाकी तुम्ही जे म्हणाल ते मला मान्य आहे.

मी घरी का येत नाही हे आता तुम्हाला कळलं असेल.

तुमचा,
भाऊजी


२१ एप्रिल
(लिहिलं, पाठवलं नाही)

भाऊजी,

तुमचं उत्तर येण्याची वाट पाहत मी हात जोडून बसले नव्हते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माळीणबाईंची पहाटपाळी होती. त्या पावणेपाचला पहिलं पाणी घालतात. त्यांच्याबरोबर तीन दिवस मी गेले. तोवर बाकीच्या कळ्याही उमलल्या होत्या.

जायफळ पहाटेपर्यंत टिकत नाही. आकाश उजळायला लागतं तेव्हा ते संपतं आणि खाली दुसरा वास राहतो. नुसता गोड. दुसऱ्या कशासारखा म्हणून सांगता येत नाही, म्हणूनच त्यांनी कशासारखा ते लिहिलं नसणार. काचेवर ऊन पडलं की तोही जातो. तीन पहाटे, तीन वेगळी फुलं, एकही सुकलेलं नाही. माळीणबाईंनी एक फूल मुद्दाम संध्याकाळी तोडून पाण्याशिवाय ठेवलं होतं. त्यालाही पहाटेच गोड वास आला.

'शेवटी' म्हणजे पहाट, भाऊजी. ते रात्रभर जागे होते. तुम्ही चारला काकाबरोबर निघालात तेव्हा ते जिवंत होते. उजाडलं तेव्हा जिवंत होते. रात्री साडेअकराला तुम्ही पोचला असतात तर तुमच्याशी बोलले असते. उजाडल्यावर त्यांनी चिठ्ठीची शेवटची ओळ लिहिली, फूल कागदात घातलं, पट्टे आवळले, बकल लावलं.

बिस्किटांची वाट पाहत असतील.

तुम्ही झोपलात. मी हे वाक्य चार वेळा लिहून पाहिलं, निरनिराळ्या तऱ्हांनी. पुढे काय लिहायचं ते मला कळत नाही. तुम्ही एका गोष्टीवर उभे आहात आणि ती माझ्या हातात आहे. काढून घेतली तर तुम्ही कुठे जाल? त्या गावात, त्या बाराशे कुंड्यांत, एकटे. न सांगितली तर मी तुमच्यासारखी होईन. दुसऱ्याला वाचवते म्हणत म्हणत.


२३ एप्रिल

प्रिय भाऊजी,

पत्र मिळालं. एका दमात लिहिलंत, ते बरं केलंत.

मला राग आला. अजून आहे. तो लपवून गोड बोलणार नाही. पण त्या वेळी तुम्ही चोवीस वर्षांचे होतात आणि घाबरला होतात, हेही मी वाचलं. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर ठेवल्या आहेत आणि मी त्यांच्याकडे आळीपाळीने बघते.

आईंना सांगितलं. तुम्हाला न विचारता सांगितलं, त्याबद्दल रागावा. अकरा वाजता ते गेले नाहीत, धाकट्याने त्यांना झाडाखाली ठेवून मदत आणायला धाव घेतली आणि यायला सकाळ झाली, एवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो आईला भेटायला सहा वर्षं येत नाही, तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे. मला वाटलं, ढकललं की काय." भाऊजी, त्यांनी सहा वर्षं हे पोटात ठेवलं होतं. तुमच्या खोटेपणाने त्यांना खऱ्यापेक्षा वाईट गोष्ट दिली होती. सांगून झाल्यावर त्यांनी चहा मागितला आणि तो अख्खा कप प्यायल्या.

वर्णन लिहून झालं आहे. चिठ्ठीतली ओळ आहे तशी राहील. इंग्रजी-लॅटिन साहेब बघतील. माझ्या भागात मी लिहिलंय, "सूर्यास्तानंतर तीव्र सुगंधी, जायफळासारखा." छापायला जायला अजून महिना आहे.

दुसऱ्या रोपाला आता कळ्या धरल्या आहेत. माळीणबाईंच्या अंदाजाने मेच्या मध्यावर उमलतील. त्या वेळी या. आईंनाही काचघरात आणू, संध्याकाळी उकाडा कमी असतो. तुम्ही आला नाहीत तरी त्या येणारच आहेत, मग तुमच्याशिवाय त्यांना तिथे कोण धरून नेणार? मला फुलंही सांभाळायची आणि त्यांनाही, दोन हात पुरत नाहीत.

वहिनी


१ मे

वहिनी,

येतो.

बुधवारी रात्रीची बस पकडेन, गुरुवारी सोळा तारखेला दुपारी चारला तुमच्याकडे. कुंड्यांना पाणी घालायला काका येणार आहे. त्याला पहिल्यांदाच सांगितलं की घरी सगळं कळलंय. तो म्हणाला, "मग आता माझ्याशीही बोलायला लाग." सहा वर्षं आम्ही एकमेकांना फक्त हवामान सांगत होतो.

आईचं वाक्य वाचलं. ते मी पुन्हा वाचू शकत नाही.

एक विनंती आहे. संध्याकाळी आईला आणि तुम्हाला घरी सोडून मी काचघरात परत येईन. माळीणबाईंची परवानगी काढा. तिथे मला एक स्टूल पुरे. रात्रभर बसायचं आहे, उजाडेपर्यंत. वास सुरू होण्यापासून संपेपर्यंत. त्या रात्री मी ज्याच्याजवळ बसायला हवं होतं त्याच्याजवळ बसता येणार नाही, हे मला कळतं. पण जे त्याने हुंगलं ते सगळं एकदा हुंगायचं आहे, पळून न जाता. झोप लागू देणार नाही.

या आठवड्यात दोन दिवस खिडकी सहापर्यंत उघडी ठेवली.

तुमचा,
भाऊजी


८ मे

प्रिय भाऊजी,

परवानगी मिळाली. माळीणबाई म्हणाल्या, "स्टूल कशाला, खुर्ची देते. फक्त झाडांशी गप्पा मारू नका म्हणावं, ती माझी जागा आहे." पहाटपाळीला त्यांच्याऐवजी मी येणार आहे. किल्ली त्यांनी आजच माझ्याकडे दिली.

खरं तर तुमचं पत्र वाचल्यावर मी लिहायला बसले होते की रात्रभर राहू नका, संध्याकाळ पुरे, प्रवासाने थकलेले असाल. तीन ओळी लिहून फाडल्या. थकव्याचं कारण तुमच्या त्या रात्रीच्या धुक्या-गुडघ्याच्या कारणांसारखंच झालं असतं.

वर्णनाचा कागद मी साहेबांकडून परत मागवून घेतला आहे. वासाच्या परिच्छेदात एक वाक्य भरायचं राहिलंय. पूर्णविराम म्हणाले, "काय राहिलं?" मी म्हटलं, शुक्रवारी सकाळी कळेल, सोमवारी छापायला द्या. तेवढी जागा मोकळी सोडली आहे. ते वाक्य काय आहे हे मला माहीत आहे. तुम्हाला पत्रातून कळू नये, एवढंच मी ठरवलंय. आपण दोघं मिळून लिहू, तुम्ही सांगाल त्या शब्दांत. तुम्ही म्हणालात की नको, तर त्यावर भांडू, पण समोरासमोर.

आईंनी तुमच्यासाठी पुढच्या खोलीतली खाट रिकामी करून घेतली आहे आणि दर तासाला विचारतात, गुरुवार किती लांब.

स्वेटर आणा. पाणी घातल्यावर काचघर पहाटे गारठतं. शुक्रवारी सूर्योदय पाच अठ्ठावन्नला आहे. मी साडेचारला येईन, तुमच्या शेजारी खुर्ची ओढून बसेन आणि उजाडेपर्यंत उठणार नाही. तेव्हा जे कळेल ते कळायच्या वेळी तुमच्याजवळ कुणीतरी असेल.

तुमची,
वहिनी